रिकाम्या घरांच्या दोऱ्या

परीक्षा संपतात, निंबाचा बहर गळून अंगणात पिवळट भुसा साचतो, कूलरच्या जाळीत नवा वाळा येतो, आणि आमच्या लेआउटच्या रस्त्यांवर गाड्या हळू व्हायला लागतात. मी पडवीत बसलेला असतो. दारव्हा रोडवरून एखादी गाडी आत वळते, तिचा आवाज खाली येतो आणि मी फाटकाकडे पाहतो. समोर माणूस, मागे बाई, दोघांमध्ये दबलेलं एखादं लेकरू. माणूस 'घर भाड्याने देणे आहे'ची पाटी शोधत असतो. बाई पाटी पाहत नाही. ती मान वर करून गच्चीवरची, अंगणातली दोरी पाहते. दोरीवर कपडे असले की घर भरलेलं. रिकामी दोरी दिसली की ती नवऱ्याच्या खांद्यावर बोटं टेकवते आणि गाडी थांबते.

हे मला एका भाडोत्री बाईनंच कधीतरी हसत सांगितलं होतं. पुढे मी त्याचा काय उपयोग केला, ते लिहायला बसलो आहे. गल्लीबाहेर वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही, आणि बायकोलाही मी सांगितलं असं नाही, तिनं पाहिलं.

यवतमाळच्या कडेला शेत मोडून आमचा लेआउट पडला तेव्हा मी शाळेत होतो. वडील मास्तर. त्यांच्यासारखेच मास्तर, तहसीलमधले बाबू, पोस्टातले, अशा लोकांनी प्लॉट घेतले. शहरातले नातेवाईक हसायचे, जंगलात कोल्ह्यांचे क्लास घेता का म्हणायचे. कोल्हे खरंच ओरडायचे. पण उन्हाळ्यात गच्च्या अशा भरायच्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडयाच कुरडया. कुणाच्या चिकाला किती लाल तिखट हे वरूनच कळायचं. बाया एकमेकींना गच्चीवरून हाका मारायच्या, आणि कावळे हाकलायला बसवलेली आम्ही पोरं ओल्या कुरडया खाऊन पोट बिघडवून घ्यायचो. आमच्यासाठीच लोकांनी धडपड करून लेआउटच्या मधल्या मोकळ्या जागेत शाळा आणली. चार खोल्या, पुढे गुलमोहर. मतदान तिथं, पोलिओचा डोस तिथं, गणपतीचा मंडप तिथं, लग्नाच्या पंगतीसुद्धा तिथंच.

मग आम्ही शिकलो. शिकलो म्हणजे गेलो. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी त्याहून लांब. मी राहिलो, कारण मला इथल्याच एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली. मागे राहिलेले आईवडील म्हातारे झाले आणि एकेक करून गेले. दिवस उरकले की मुलगा कुलूप लावायचा, गाडीत बसायच्या आधी माझ्याकडे यायचा आणि चावी हातात ठेवायचा. "भाऊ, तुझ्याकडे राहू दे. संध्याकाळी तेवढा लाइट लावत जा." न बोलणाऱ्या माणसाकडे चाव्या सुखरूप राहतात असा लोकांचा समज असतो. माझ्या देवघराशेजारच्या खिळ्याला चाव्यांचा घोस झाला. रोज दिवेलागणीला मी तो घेऊन निघतो. एका घराच्या पडवीत बल्ब लावायचा, दुसऱ्याच्या तुळशीला पाणी, तिसऱ्याच्या दाराखालून आलेली वाळवी झाडायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या गल्लीत केवढे लोक राहतात.

राहत कुणी नाही. गणपती बसवायला पोरं उरली नाहीत, म्हणून मूर्ती दरवर्षी लहान होत गेली. मागच्या साली ती म्हाताऱ्या गावंडे काकांनी एकट्यानं स्टुलावर आणून ठेवली. टँकरसाठी नगरसेवकाकडे गेलो तर तो म्हणाला, सर, तुमच्या गल्लीत नळ किती आणि घागरी किती. त्याचं काय चुकलं? वाढ दुसरीकडे होत होती. लेआउटच्या मागे नाल्यापलीकडे खोल्यांवर खोल्या चढत होत्या, टिनाच्या, अर्ध्या विटांच्या. झरी जामणीकडून, पांढरकवड्याकडून, दारव्हा-दिग्रसच्या तांड्यांमधून माणसं शिकण्यासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी येत होती. सगळी काही गरीब नव्हेत. कुणी तलाठी, कुणी नर्स, कुणी वनखात्यात, कुणाचं मोठं गॅरेज. भाडं द्यायची त्यांची तयारी होती, घरं आमच्याकडे होती. आमची घरं कुलपात आणि ती माणसं टिनाखाली. आमच्याकडे प्लॉटचे भाव मात्र वाढतच होते, बोलण्यात. संध्याकाळी गावंडे काकांच्या ओट्यावर त्या भावांवरच गप्पा चालायच्या. घेणारा नागपूरला, विकणारा पुण्याला, आणि मधे आम्ही चार म्हातारे जमीन किती महाग झाली याचा आनंद करत बसलेले.

घर कुणाला द्यायचं याचा नियम असा कुणी केला नव्हता. गावंडे काका हे आमच्या लेआउटचे सगळ्यात जुने, रिटायर पोस्टमास्तर. ते फक्त एवढं म्हणाले होते, "चाबी तुह्याजवळ आहे, तू पाहून दे. आपल्यातले पाहून दे." चावी देणारी मुलंही फोनवर तेच म्हणत, चांगले लोक पाहून दे. चांगले म्हणजे कोणते हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. म्हणून गाडी थांबली की मी पाणी द्यायचो, गाव विचारायचो आणि मग आडनाव विचारायचो. राठोड म्हटलं, आत्राम म्हटलं, शेख म्हटलं की मी म्हणायचो, "लागली न खोली. कालच लागली."

खोटं बोलणं मला जड जायचं, असं लिहिलं तर खरं वाटेल. जड जायचं नाही, भीती वाटायची. ते लोक पुन्हा त्याच रस्त्यानं जायचे आणि आठ दिवसांनीही दोरी रिकामीच दिसायची. एक गॅरेजवाला तर गाडी थांबवून म्हणाला, "सर, भाडेकरू आले नाही का अजून? रस्ता चुकले का?" हसून म्हणाला, शिवी देता आली असती तरी दिली नाही. मी आत येऊन बराच वेळ पंख्याखाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मी माईंच्या दोरीवर कपडे वाळत घातले.

माई म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. माझ्या आईची मैत्रीण. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यांचा मुलगा अविनाश पुण्याला असतो. लहानपणी त्यांच्या पायरीवर बसून मी त्यांच्या हातचा तिखट-तेलाचा भुरका आणि भाकर खाल्ली आहे. पहिल्या दिवशी माझाच टॉवेल आणि बायकोची जुनी साडी नेली. बायकोनं संध्याकाळी साडी ओळखली, काढून आणली आणि एवढंच म्हणाली, "माही साडी खोटं बोलाले नेऊ नका." मग मी माईंचं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. त्यांच्या नऊवाऱ्या, सहावाऱ्या, त्यांच्या यजमानांची, अण्णांची, धोतरं, अविनाशचा शाळेतला गणवेशसुद्धा त्यांनी जपून ठेवला होता. मी ते एकेक झटकून दोरीवर टाकलं.

आता जे लिहितो त्याची जास्त लाज वाटते. मला ते काम आवडायला लागलं. मी ड्रॉइंग मास्तर. हिरव्या साडीशेजारी पांढरं धोतर, मग थोडी मोकळी जागा, मग लेकराचा निळा सदरा. वारा सुटला की सगळं मिळून हलायचं. वर्गात पोरांना स्थिरचित्र मांडून देतो तसं मी मेलेल्यांचे कपडे मांडत होतो, आणि रस्त्यापर्यंत जाऊन, वळून, खरं वाटतं का ते पाहत होतो. खरं वाटायचं. गाड्या न थांबता निघून जायच्या. शेतात पाखरांसाठी बुजगावणं उभं करतात, ते निदान पाखरांना माणूस वाटावं म्हणून. मी माणसांना माणूस वाटावं म्हणून उभं करत होतो. गावंडे काकांनी ओट्यावर सगळ्यांपुढे माझी पाठ थोपटली. म्हणाले, मास्तर बोलत नाही, पण डोकं आहे. मग आणखी दोन घरांच्या दोऱ्या माझ्याकडे आल्या.

मागचा उन्हाळा असा चालला होता.

एका सकाळी लेआउटच्या शाळेतल्या मॅडम घरी आल्या. या मॅडमनी माझ्या मुलाला पहिलीत धरून बसवलं होतं. रुमालानं मान पुसत त्या खाली मानेनंच बोलत होत्या. पट घसरत घसरत इतका आला होता की या जूनला पोरं मिळाली नाहीत तर शाळा दुसरीकडे जोडणार, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. त्या घरोघर फिरत होत्या. नाल्यापलीकडची लेकरं तिकडच्याच शाळेत जायची. आमच्या गल्लीत फिरून झालं होतं, पण तिथं पोर कुठून मिळणार. म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे चाव्या आहेत. लेकरंवाले भाडेकरू ठेवा न. दोन-तीन घरं जरी भरली तरी माही शाळा वाचते." मी मान हलवली. बायकोनं त्यांना पन्हं दिलं. जाताना त्या फाटकाशी थांबल्या आणि माईंच्या दोरीकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "तिथं आले वाटते कोनी? छोटा सदरा दिसून राह्यला." मी म्हणालो, पाहुणे आहेत.

त्याच आठवड्यात सुनीता राठोड आल्या. मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर, नुकतीच पांढरकवड्याकडून बदली झालेली. नवरा तिकडेच नोकरीला, शनिवारी-रविवारी येणारा. दोन लेकरं, आणि सासू. सासूला त्या याडी म्हणत होत्या. याडी गाडीवरून उतरायलाच पाच मिनिटं घेत होत्या, गुडघे गेलेले. कपाळावर गोंदण, हातात स्टीलचा डबा. लेकरं तिसरीत आणि पहिलीत जाणार होती. शाळा समोर आहे म्हणून बाईंना हीच गल्ली हवी होती, आणि खालचं घर हवं होतं, कारण याडीला जिना चढवत नव्हता. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, दवाखान्यात बोलतात तसं, फालतू शब्द नाही. मी पाणी दिलं. आडनाव विचारलं. मग माईंच्या घराकडे हात करून म्हणालो, "हे एकच खालचं होतं. लागलं."

त्यांनी दोरीकडे पाहिलं. हिरवी साडी, धोतर, निळा सदरा.

"कोन आलं?" त्यांनी विचारलं.

"वर्धेकडचे आहेत कोणी," मी म्हणालो.

याडींनी त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं, सुनीताबाईंनी काहीतरी सांगितलं, आणि म्हातारी आमच्या पायरीवरून उठायला लागली. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिचा हात हलका होता. त्या खांद्याला मी नंतर उगाच हात लावत राहायचो.

त्यांना नाल्यापलीकडे वरच्या मजल्यावर टिनाची खोली मिळाली. मी शाळेतून येताना पाहायचो, याडी दिवसभर खाली रस्त्याकडेला एका निंबाच्या सावलीत बसलेल्या असायच्या. सावली सरकली की त्या सरकायच्या. वर टिन तापायचं आणि जिना त्यांना चढवायचा नाही, म्हणून सकाळी सून खाली आणून सोडायची, ड्युटीवरून आली की वर न्यायची. आमच्या लेआउटमधली अर्धी घरं खालच्या मजल्याची, फरशीची, थंडगार. संध्याकाळी मी तिथं दिवे लावत होतो.

मग तो अवकाळी आला. दुपारी आभाळ एकदम तांबूस-काळं झालं, धूळ उठली, आंब्याच्या कैऱ्या पत्र्यांवर आदळायला लागल्या आणि मागोमाग गारा. मी आमच्याच गच्चीवरचे पापड गोळा करायच्या घाईत होतो. माईंची दोरी माझ्या डोक्यातही आली नाही. तिथले कपडे भिजले काय आणि राहिले काय. पाऊस थांबल्यावर दारावर थाप पडली. सुनीताबाई उभ्या होत्या, दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांत, नखशिखांत भिजलेल्या. त्या दिवशी दुपारच्या ड्युटीला निघाल्या होत्या. हातात माईंची साडी, अण्णांचं धोतर, अविनाशचा सदरा. तिन्हींच्या नीट घड्या, आणि वरून त्यांची स्वतःची प्लास्टिकची पिशवी, भिजू नये म्हणून.

"त्या घरच्या बाईले देजा सर," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर कोनी आलं नाही. गारा पडून राह्यल्या होत्या."

मी घड्या हातात घेतल्या. म्हणालो, "देतो त्यांना."

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग चपला हातात घेऊन पाण्यातून निघून गेल्या. बायको आतल्या दारात उभी होती.

वाचणाऱ्याला वाटेल की या पावसानं मी बदललो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी तेच कपडे पुन्हा दोरीवर टाकले. नाही टाकले तर बाईंना संशय येईल, असं मला वाटलं.

जूनमध्ये शाळा बंद झाली. थोडक्यात गेली, मॅडम म्हणाल्या. त्या थोडक्यात किती लेकरं मी दाराबाहेरून परत पाठवली होती, हे मलाच माहीत होतं. बाकं नेणारा ट्रक आला त्या दिवशी आम्ही सगळे गुलमोहराखाली जमलो. गावंडे काकांनी चांगलं भाषण केलं. मराठी शाळा कशा मरतात, सरकारला कशी किंमत नाही, वगैरे. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. मतदानाची खोली आता नाल्यापलीकडे गेली आहे. काकांना गुडघ्यांमुळे तिथवर जाववत नाही.

मागचं सगळं वर्ष मी एका धास्तीत काढलं. सुनीताबाईंना कळलं असेल का? रस्त्यात त्या दिसल्या की मी भाजीवाल्याकडे वळायचो. दिवाळीनंतर चक्कर यायला लागली म्हणून दवाखान्यात गेलो तर नेमकी त्यांचीच ड्युटी होती. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकड्याकडे पाहत राहिल्या.

"वाढलं आहे सर. कायचं टेन्शन घेता?"

मी म्हणालो, काही नाही, ऊन. थंडीचे दिवस होते.

आणि आणखी एक धास्ती, जी मी कुणाकडे काढत नाही. माझाही मुलगा पुण्यालाच आहे. तो दर फोनवर म्हणतो, बाबा, तिकडे आता काय आहे, इकडे या. एक दिवस आमच्याही घराला कुलूप लागेल. तेव्हा ती चावी तो कुणाच्या हातात ठेवील? आमच्या पडवीतला दिवा कोण लावेल? रात्री झोप येत नाही तेव्हा मी गल्लीतली घरं मनातल्या मनात या टोकापासून त्या टोकापर्यंत घेतो आणि चावी घेऊ शकेल असा माणूस शोधतो. माझ्याच पायरीवरून मीच उठवून लावलेले लोक तेवढे आठवतात.

या वर्षी बहर गळायला लागला आणि अविनाशचा फोन आला. घर विकतोय म्हणाला. आईचं घर कुलपात सडताना पाहवत नाही, आणि एक चांगलं गिऱ्हाईक मिळालं आहे, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत, राठोड म्हणून. त्यांनीच कुठून तरी नंबर मिळवून फोन केला. रजिस्ट्रीला तो येणारच होता, तोवर त्यांना घर नीट पाहायचं, झाडायचं आहे, म्हणून चावी देऊन टाक. मग थोडं थांबून म्हणाला, "भाऊ, त्या म्हणत होत्या मागच्या वर्षी घर लागलं म्हणून सांगितलं होतं. तू भाड्यानं दिलं होतं का? दिलं असेल तरी चालते, फक्त सांग." मी म्हणालो, नाही, गैरसमज असेल.

गैरसमज हा शब्द किती सहज तोंडातून गेला.

संध्याकाळी गावंडे काका आले. त्यांच्यापर्यंत बातमी माझ्याआधीच पोचली होती. काका वाईट माणूस नाहीत. माझ्या वडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात त्यांनीच सायकलवर नेलं होतं. ते पडवीत बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, एक घर गेलं की गल्ली जाते. आज बाई आली की उद्या तिचे भाऊ येतील, परवा सारा तांडा. ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले,

"चाबी सापडून नाही राह्यली म्हण. महिनाभर तरी. घर पाहालेच भेटलं नाही तर बाई कटायते, दुसरं घर पाहते. तोवर आपल्यातला कोनी पाहू."

मी मान हलवली. ती मान हलवायची सवयच आहे. होकार की नकार ते समोरच्यानं ठरवायचं. काकांनी होकार समजून चहा घेतला. ते गेल्यावर बायको पापडाचं पीठ तसंच ठेवून बाहेर आली.

"तुमी काय दोरी आहा का?" ती म्हणाली. "कोनीबी यावं अन् काहीबी टांगावं?"

मी खिळ्यावरून घोस काढला. माईंची चावी घोसातून सोडवायला वेळ लागला, कडी गंजली होती. बोटाला लागलं. चावी खिशात घालून मी दोन दिवस फिरलो. शाळेत फळ्यावर पोरांना झाड काढून दाखवताना, दुकानात, जेवताना ती मांडीला टोचत होती. खिशातून पडून जावी असंही एकदा मनात आलं. मग खरंच हरवली असती.

तिसऱ्या दिवशी सुनीताबाई आल्या. याडी गाडीवरच बसून होत्या, त्या उतरल्या नाहीत. एकदा उतरून काय झालं ते त्यांना आठवत असणार. समोर ओट्यावर गावंडे काका पेपर धरून बसले होते. पेपर हलत नव्हता.

"चाबी भेटन का सर?" सुनीताबाईंनी विचारलं. "का हरवली?"

म्हणजे ही बातमीही फिरली होती. मी खिशात हात घातला. चावी हाताला लागली; काही न बोलता नुसती पुढे करावी, असं नेहमीसारखं वाटलं. आयुष्यभर मी याला स्वभाव म्हणत आलो. कमी बोलतो बिचारा, असं लोक म्हणतात आणि मला बरं वाटतं. चावी बाहेर काढून मी त्यांच्या हातात दिली, आणि मग म्हणालो, "सिस्टर, मागच्या वर्षी त्या घरात कोणी नव्हतं. कपडे मी टाकत होतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी समोरच्या रिकाम्या दोरीकडे पाहिलं.

"साडीले डांबरगोळ्यांचा वास येत होता सर. नेसनीतल्या साडीले येते का तो? अन् रोज तोच सदरा. ते लेकरू आंघोळ करते का नाही, असं माही पोरगी विचारे." त्या किंचित हसल्या. ते हसणं माझ्यासाठी नव्हतं.

"मग तुम्ही त्या पावसात..."

"कपडे कोनाचेबी असो, डोळ्यापुढे भिजले तर जीव लागत नाही. पन घरी आनून द्याची गरज नव्हती. पडवीत ठेवले असते तरी चाललं असतं." त्यांनी चावी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. "तुमचं तोंड पाहाचं होतं मले. वाटलं, आता तरी सांगतीन. तुमी म्हनले, देतो त्याइले."

एवढं बोलून त्या समोरच्या फाटकाकडे गेल्या. गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना, तरी त्यांनी मला हाक मारली नाही. माझी बायको तेलाची कुपी घेऊन गेली. मी माझ्या पायरीवर उभा होतो आणि काकांचा पेपर अजूनही त्याच पानावर होता. याडींना आता दोघींनी धरून आत नेलं. माईंच्या पडवीतल्या थंड फरशीवर त्या बसल्या, पाय लांब केले आणि हाताचा तळवा फरशीवर फिरवत राहिल्या.

माफी द्यायला किंवा न द्यायला त्या माझ्याकडे आल्या नाहीत, नंतरही नाही. त्यांना घर हवं होतं, ते मिळालं. त्यांच्या लेकरांची शाळा मात्र समोर नाही. सकाळी ऑटो येतो, लेकरं गुलमोहराजवळून, कुलूप लागलेल्या त्या चार खोल्यांवरून लांबच्या शाळेत जातात. मुलीनं परवा बायकोला विचारलं, ही शाळा कोनाची होती? बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीला पाणी घालत होतो. घालत राहिलो.

अविनाश आला तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं. आईचे कपडे दोरीवर होते, हे ऐकून तो उठून गच्चीवर गेला. परत जाताना निळा सदरा तेवढा सोबत घेऊन गेला. काका हल्ली ओट्यावर मला बसायला सांगत नाहीत. दोन घरांच्या मुलांनी फोन करून चाव्या काकांकडे द्यायला सांगितल्या, त्या मी दिल्या. आता काकाच संध्याकाळी गुडघे धरत दिवे लावायला जातात. मी मदतीला गेलो तर म्हणतात, राहू दे मास्तर.

माझ्या खिळ्यावर दोन चाव्या उरल्या आहेत. त्यांच्या मालकांना मी फोन केला, घरं भाड्यानं देतो म्हणालो. चांगले लोक पाहून दे, ते म्हणाले. या वेळी मी विचारलं, चांगले म्हणजे कोणते? मग एक जण म्हणाला, तुला योग्य वाटतील ते. दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे. वाट पाहताना पुन्हा चक्कर येते. गल्लीतल्या मला ओळखणाऱ्या माणसांतली अर्धी आता माझ्याशी तुटक बोलतात, आणि ज्यांच्यासाठी तुटलं ती बोलतील असं नाही. भीती गेलेली नाही, तिनं फक्त बाजू बदलली आहे.

आज दुपारी हे लिहीत असताना एक गाडी आत वळली. आवाज खाली आला. मागची बाई मान वर करून दोऱ्या पाहत होती. माईंच्या... नाही, राठोडांच्या दोरीवर कपडे होते. वेडेवाकडे, एकावर एक चढलेले, कुणी मांडलेले नव्हते. शेजारची दोरी, होकार दिलेल्या मालकाची, रिकामी होती. बाईनं नवऱ्याच्या खांद्यावर बोटं टेकवली. मी उठलो, फाटकाशी गेलो आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा आधी मीच बोललो. घर पाहता का, म्हणालो. त्यांनी मान डोलावली. लेकरू झोपलं होतं, बाईनं ते खांद्यावर घेतलं. मी चावी आणायला आत वळलो.

आडनाव विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. लक्षात आलं. जिभेच्या टोकावर आलं. मी ते गिळलं आणि खिळ्यावरून चावी काढली.